वाड्याची तुळई आणि पांढरी पाचचा सा: इलेक्ट्रिक गिटार बनवावी की विकत घ्यावी?

बेळगावच्या शहापुरातला आमच्या दाजींचा जुना वाडा उतरवला, तेव्हा मातीच्या भिंती ट्रॅक्टरनं गेल्या, कौलं कुणीकुणी नेली आणि अंगणात एक सागवानी तुळई उरली. दहा फूट लांब, चुलीच्या धुरानं काळी पडलेली. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली होती. दसरा झाला तसा भाचा उद्यमबागेत माझ्याकडं आला आणि बाकड्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, तुळईची गिटार करूया की. पॅटर्न शॉपमध्ये सगळं आहेच."

मी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून काढतात ते नमुने, करतो, बावीस वर्षं झाली. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात बेस गिटारही वाजवतो. त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडंच येणार होता. पोरगं मच्छेच्या एका कारखान्यात व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापणीच्या मशीनवर, असतं, संध्याकाळी वडगावच्या भजनी मंडळात गिटार घेऊन बसतं. त्याच्याजवळ ४०,००० रुपये साठले होते. हातातली गिटार कॉलेजात असताना ११,००० ला घेतलेली, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची, तीन सिंगल-कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडणारा भाग, सिंगल-कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचा). तक्रार एकच: "टोन नाही." त्याच्या मते पातळ, हलक्या लाकडामुळं आवाज हलका येत होता, ऐंशी वर्षांच्या सागवानानं तो भारदस्त झाला असता. आजोबांच्या घराचं लाकूड हातात राहिलं असतं, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं.

गिटार बनवायची की घ्यायची, हा प्रश्न मी त्या दिवशी उचललाच नाही. आधी त्याला म्हटलं, तुला हवाय तो टोन गाऊन दाखव.

त्यानं अभंगाच्या शेवटाला घेतात तसा तार षड्ज लावला आणि श्वास संपेपर्यंत धरला. म्हणाला, "असा. हा गिटारवर येतच नाही. वाजवला की मरतो." त्यांच्या मंडळाची पेटी पांढरी पाचला. म्हणजे इंग्रजी जी. गिटारची तिसरी तार मोकळी वाजवली की जी आणि तिच्यावरच बाराव्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीला, वरचा जी, साधारण ३९२ हर्ट्झ. नेमका तिथंच त्याचा सा होता. "टोन नाही" या दोन शब्दांमागं खरं वाक्य हे होतं: माझा सा टिकत नाही. गिटारवाल्यांनी टोन हा शब्द पोत्यासारखा करून ठेवलाय. आवाजाची धार, गोलाई, स्वराची लांबी, घरघर, ॲम्पचा फाटका आवाज, सगळं त्यातच कोंबतात. पोतं उघडल्याशिवाय पैसे काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

लाकडाचं काय?

इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाचा आवाज आपण थेट ऐकत नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत विजेचा दाब तयार होतो, तोच केबलमधून ॲम्पकडं जातो. सतारीचा भोपळा किंवा मिरजेच्या तंबोऱ्याची तबली हवा हलवते, तसं इथं काही होत नाही. लाकडाचं काम वेगळं आहे: तारेची शक्ती किती शोषायची आणि कुठल्या स्वराला जास्त शोषायची, एवढंच. ते काम छोटं नाही. पण त्यात बॉडीपेक्षा नेकचा, म्हणजे दांड्याचा, हात मोठा असतो, कारण बॉडी जाड, आखूड, ताठ असते आणि नेक लांब, बारीक, लवचीक.

फाउंड्रीवाल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट मी त्याला सांगितली. बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. रिकनबॅकरची १९३२ ची 'फ्राईंग पॅन' अख्खी ओतीव ॲल्युमिनियमची होती, मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीनं वाजवायची. ती वाजायची उत्तम. अडचण यायची ती स्टेजच्या दिव्यांखाली, धातू तापून प्रसरण पावला की सूर हलायचा.

त्याच्याकडंही उत्तर तयार होतं: क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे. ते उदाहरण खरंच भारी आहे. १९६३ मध्ये बापलेकांनी घरी गिटार करायला घेतली, नेक जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. पण बाकीचंही बघावं लागतं. बॉडीत ओकचे तुकडे आणि ब्लॉकबोर्ड, वर महोगनीचा पातळ पापुद्रा. तीन पिकअप एकापाठोपाठ जोडलेले, प्रत्येकाला वेगळा चालू-बंदचा आणि फेज उलटवायचा स्विच. पुढं ट्रेबल बूस्टर, व्हॉक्सचा एसी-३० ॲम्प, आणि प्लेक्ट्रमच्या जागी सहा पेन्सचं नाणं. त्या टोनमध्ये चौकटीच्या लाकडापेक्षा या साखळीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो. शिवाय काम चाललं दोन वर्षांच्या आसपास, आणि वडील इलेक्ट्रॉनिक्स कोळून प्यालेले.

चार रविवार

पुढचे चार रविवार आम्ही जुन्या गिटारवरच घातले. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथंच.

पहिल्या रविवारी मी वडगावला त्यांच्या घरी गेलो. ॲम्प लावला तर घूंऽऽ असा आवाज. तारांना हात लावला की कमी व्हायचा. सॉकेटची तिसरी पिन नुसती नावाला होती, अर्थिंग घरात नव्हतंच. सिंगल-कॉइल पिकअप आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतोच. त्यात अर्थिंग नाही, वर ट्यूबलाईटचा चोक. टोनपेक्षाही ही जिवाची गोष्ट आहे. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला, घरात अर्थिंग नसलं, आणि ओल्या फरशीवर अनवाणी वाजवत असलो, तर काय होईल ते सांगायला नको. त्या दिवशी गिटारला हातच लावला नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, परसात खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून घेतलं. घरघर अर्ध्याहून कमी झाली.

दुसऱ्या रविवारी केबल. त्याची केबल दहा मीटर लांब, स्वस्तातली. पिकअप म्हणजे एक कॉइल. केबल म्हणजे एक छोटा कपॅसिटर. दोन्ही मिळून एक ठरावीक पट्टा उचलून धरतात, त्याच्यावरचा कापतात. त्या जातीच्या पिकअपचं इंडक्टन्स २.४ हेन्रीच्या आसपास आणि केबलची धारिता मीटरला १५० पिकोफॅरड धरली, तर तीन मीटरला हा उंचवटा साडेचार हजार हर्ट्झच्या जवळ येतो आणि दहा मीटरला अडीच हजारांपर्यंत खाली घसरतो. एवढा फरक मोबाईलच्या स्पीकरवरही ऐकू येतो. तीन मीटरची बरी केबल ७०० रुपयांना आली. ती लावली आणि पोरगं दोन मिनिटं नुसतं एकच कॉर्ड वाजवत बसलं.

तिसऱ्या रविवारी सेटअप. तारा दीड वर्षाच्या, गंजलेल्या, बदलल्या. पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेले होते, कारण जवळ नेलं की आवाज मोठा येतो हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. पण फार जवळ गेलं की चुंबक तारेलाच ओढतो, स्वर डळमळतो आणि लवकर विझतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत अडीच ते तीन मिलिमीटर अंतर ठेवलं. नेकचा बाक साधारण पाव मिलिमीटरवर आणला, बाराव्या फ्रेटला तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आत बसवली. दोन फ्रेट उठलेले होते, ते घासून पॉलिश केले. हे सगळं एका दुपारचं काम.

आता गिटार वेगळीच वाजत होती, आणि तरी तो सा मरत होता.

म्हणून चौथ्या रविवारी आम्ही घड्याळ लावलं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून पंधराव्यापर्यंत प्रत्येक स्वर सारख्या जोरानं, तीन-तीनदा, आणि विझेपर्यंतचे सेकंद वहीत. बहुतेक स्वर दहा-अकरा सेकंद टिकत होते. बारावा चार सेकंदांत संपायचा. बेस वाजवणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असतं. बेसच्या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास अशी मेलेली जागा बऱ्याचदा सापडते. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. वाजवलेला स्वर तिच्याशी जुळला की नेक स्वतः हलायला लागते आणि तारेची शक्ती गिळते.

खात्री करून घ्यायला मी शॉपमधला छोटा सी-क्लॅम्प आणला, खाली चामड्याचा तुकडा देऊन हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला, आवळला. टोकाला वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते. तसंच झालं. बाराव्याचा सा नऊ सेकंद वाजला आणि अकरावा-दहावा फ्रेट मेला. भाच्यानं क्लॅम्प काढला, परत वाजवलं, परत लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हणजे बॉडीचा काय संबंधच नाही."

"संबंध नाही असं नाही बे. पण तुझं दुखणं नेकमध्ये आहे."

तुळईचा हिशेब

इतकं कळल्यावर बनवायचा प्रश्न परत घेतला. या वेळी कागदावर. साधारण स्ट्रॅट आकाराची बॉडी साडेचार लिटर लाकडाची धरली, तर अमेरिकेत वापरतात त्या आल्डरची दोन किलोच्या आसपास होते, सागवानाची तीनच्या जवळ. त्याला मधे शिसवीची हौस आली होती. तिची पावणेचार भरते, बॉडी नुसती. नेक, पिकअप, ब्रिज धरून पाच किलोच्या वर. फेंडरनं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी १९६८ मध्ये शिसवीचा टेलीकास्टर केला होता. दिसायला अप्रतिम, पण जड. भजनाला मांडी घालून तीन तास बसायचं तर पाच किलो मांडीवर नकोत.

बॉडी मी दोन रविवारांत काढून दिली असती, तेवढी मला खात्री आहे. अडतं ते नेकपाशी. फ्रेटच्या चिरा भाच्याच्या मशीनवर सुंदर पडल्या असत्या. ६४८ मिलिमीटरच्या स्केलला (तारेची वाजती लांबी) पहिला फ्रेट नटपासून (तारा टेकतात ती वरची पट्टी) ३६.३७ वर, बारावा बरोबर ३२४ वर; व्हीएमसीला हे चणे-फुटाणे. पण ट्रस रॉड (नेकचा बाक धरणारी आतली सळई) बसवणं, फ्रेट ठोकून एका पातळीत आणणं, नट कोरणं, हे हाताचं काम आहे आणि पहिल्या नेकला ते बिघडणारच. शिवाय आपल्याकडचं हवामान. खानापूरच्या बाजूनं जूनमध्ये पाऊस चढला की लाकूड पाणी पितं, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात सोडतं. ऐंशी वर्षांचं लाकूडही यातून सुटत नाही, फक्त कमी वळतं.

आणि हे सगळं नीट जमलं, तरी त्या नेकची मेलेली जागा कुठं येईल? लाकडाचा ताठपणा, हेडस्टॉकचं वजन, जोड, सगळं मिळून ती ठरते. तारा चढवेपर्यंत कळत नाही. बाराव्या फ्रेटला आली असती तर दीड वर्षाचं काम आणि आजोबांची तुळई, दोन्ही त्याच दुखण्यावर संपली असती. टोनसाठी गिटार बनवण्याला माझा विरोध इथंच आहे: जी गोष्ट हवी तीच आधी ऐकता येत नाही. विकत घेताना येते. विशिष्ट रुंदीची नेक हवी असेल, डावखुऱ्याला मनाजोगती मिळत नसेल, वा सुतारकाम शिकायचंच असेल, तर जरूर बनवावी. त्यासाठी मी स्वतः रंधा धरीन. खर्चाचाही फायदा निघत नव्हता. सुटे भाग मुंबई-बेंगळुरूहून मागवून, लाकूड फुकट धरून, २४,००० च्या आसपास जात होते.

नवी नेक आणून जुन्या बॉडीला चार स्क्रूंनी लावायची, हाही मार्ग होता. स्वस्त होता. पण ती नेकही न ऐकताच घ्यावी लागणार, म्हणून सोडला.

खरेदी

कोल्हापूरला एक चक्कर झाली, तिथं काही जमलं नाही. मग जानेवारीत लोंढ्यावरून रेल्वेनं मडगाव. बरोबर आपली तीन मीटरची केबल, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि ती वही. एका दुकानात ३८,००० ची नवीकोरी गिटार होती, रंग असा की पोराचे डोळे हलेनात. तिसरी तार, बारावा फ्रेट: पाच सेकंद. त्यानं मुकाट्यानं खाली ठेवली. त्या क्षणाला मला त्याचा फार अभिमान वाटला, कारण पैसे त्याच्या खिशात होते.

शेवटी घेतली ती हॉटेलांत वाजवून आता थांबलेल्या एका वादकाची. लेस पॉलच्या धर्तीची, कोरियन, महोगनी बॉडीला चिकटवलेली नेक, दोन हमबकर. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट जोडलेल्या असतात, त्यामुळं घरघर आपोआप कापली जाते. मंडपातल्या वायरिंगला हे बरं. वजन ४.१ किलो. सगळे फ्रेट मोजले. मेलेली जागा हिलाही होती, दुसऱ्या तारेवर, पण त्याच्या कामाच्या स्वरांपासून लांब. सा साडेबारा सेकंद. २६,००० ला ठरली. त्या गृहस्थांनी वहीतले आकडे बघितले, काही बोलले नाहीत, आणि जाताना तारांचा एक नवा जोड हातात ठेवला.

तुळईचं मात्र मनातून जात नव्हतं, माझ्याही. परतीच्या गाडीत दूधसागर मागं पडल्यावर मीच विषय काढला. टिकणाऱ्या साबरोबर त्याला मींडही हवी होती, एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं. फ्रेटवर बोटानं तार ओढून ती अर्धीच मिळते. आपल्याकडं ब्रिजभूषण काबरांनी, पुढं विश्वमोहन भट्टांनी गिटार आडवी घालूनच रागदारी वाजवली, ती काय उगाच नाही. मांडीवरच्या स्लाईड गिटारला फ्रेट नाहीत, ट्रस रॉड नाही, नेक पातळ करायची गरज नाही. चार सेंटीमीटर जाडीची सरळ फळी ती वाकणार किती? नेकच्या ज्या अनिश्चितीला आम्ही भ्यालो, तीच इथं जवळजवळ उरत नाही. ही बनवायला हरकत नव्हती.

खानापूरच्या मेस्त्रींनी तुळईवरून आधी लोहचुंबक फिरवला. अकरा खिळे निघाले, एक तर बोटभर आत. तीन फुटांचा तुकडा कापून फळी काढली. आत लाकूड मधासारखं पिवळं, आणि ऐंशी वर्षांनीही ताज्या सागवानाचा वास. पात्याची धार दोनदा लावावी लागली, सागवान हत्याराला खातंच. वरती बेंड येऊ नये म्हणून मध्यातली उभ्या रेषांची फळी निवडली. ५७१ मिलिमीटरचं स्केल, नटला लोखंडी अँगलचा तुकडा, एक हमबकर, ५०० किलोओमचे दोन पॉट (फिरवायची बटणं). फ्रेटच्या जागी नुसत्या रेषा, त्या भाच्यानं मशीनवर कोरल्या आणि काळ्या भरल्या. सागवानात तेल असतं, म्हणून नटखालची पट्टी चिकटवण्याआधी थिनरनं पुसून घेतली, नाहीतर सरस धरत नाही. खर्च ६,५०० रुपये.

तिचा आवाज सागवानाचा आहे का? मला ऐकू येत नाही. तोच पिकअप महोगनीवर लावला असता तर डोळे मिटून मी ओळखलं नसतं. स्वर मात्र लांब आहे. सा चौदा सेकंद, आणि कुठलीच जागा मेलेली सापडली नाही. पावसाळ्यात फळी साधारण एक मिलिमीटर वळली. फ्रेटच नसल्यानं वाजण्यात काही बिघडलं नाही.

कार्तिकात काकड्याला तो दोन्ही घेऊन बसतो. आक्का, त्याची आई, मागच्या ओळीत असते. तुळई अजून सात फूट शिल्लक आहे. तिचा देव्हारा व्हावा असं आक्काचं म्हणणं, मेस्त्रींना माप दिलंय.